वकिलातीतला न्याय

धुळे
१३ फेब्रुवारी १९९१

ती. शेवंताअक्कास,

धाकट्या लीलाधरचा नमस्कार. वर 'श्री' लिहिलेलं नाही. लताचं सुतक फिटलं, पण हात वळला नाही.

इकडे बरं आहे. म्हणजे जेवतो, कॉलेजात जातो. चीनच्या तहांवरच्या माझ्या पुस्तकाची प्रुफं आलीत. चुका बरोबर दिसतात, रडू तेवढं येत नाही. दाजी हयात असताना हसायचे, "चीनना कायदा शिकीसन केळी पिकतीन का?" आज ते असते तर बरं झालं असतं.

परवा लताचे चुलतसासरे, तोतारामआबा, येऊन गेले. रविवारी भडगावला त्यांच्या ओट्यावर लताच्या प्रकरणासाठी भाऊबंदांची बैठक आहे. "तू कायदाना डॉक्टर शे, तूच पंच बस," म्हणाले. कुठल्या देशाच्या कायद्याचा, ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. वर म्हणाले, "घरमाच मिटाडू. नातू अक्काले भेटत राही." चहा पूर्ण प्यायले.

अक्का, शंभर वर्षांपूर्वी शांघायात एखाद्या साहेबाने चिनी माणसाचा जीव घेतला, तर तो चिनी न्यायाधीशापुढे उभा राहत नसे. खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीत चाले, न्याय करणारी माणसंही त्याचीच. तहातच तसं लिहिलेलं होतं. हे मी वर्षानुवर्षं शिकवतो, मुलं उतरवून घेतात. आबा गेल्यावर तेच पान तपासायला बसलो आणि पुढे वाचवेना.

तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलं नाही, मी टाळलं. दवाखान्यात पोलिसांनी लताचा जबाब घेतला तेव्हा सासू खाटेशी उभी होती. लता स्टोव्हचा भडका म्हणाली. सासू पाणी आणायला गेली, तशी लता मला जवळ बोलावून म्हणाली, "मामा, स्टो पेटेलच नव्हता." ती आणखी काही बोलली का, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, जबाबानंतर ती शुद्धीवर नव्हती.

तू कळवलंयस, बैठकीला ये आणि गप्प बस. नातवासाठी कळवलंयस, समजतं मला. लेकीमागे तेवढंच उरलंय तुला.

मी उद्याच भडगावला जातोय, पण ओट्यावर नाही, ठाण्यात. लता बोलली ते तसंच्या तसं लिहून देणार आहे. मग ते पोराला तुझ्या दारात पाठवणार नाहीत. त्याचीच भीती वाटते. तरी जातो.

मला भाऊ म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.

लताचा मामा,
लीलाधर