ओटीपी माझ्याच नंबरवर

३ तारीख, सोमवार
ठरलं. ताईला मीच शिकवणार. ती दवाखान्यात सफाईला आहे, टेंपररी. आता वरून हुकूम आलाय: महिनाअखेरपर्यंत कॉम्प्युटरची ऑनलाइन परीक्षा पास केली तर कायम, नाहीतर घरी. भाऊजींनी विचारलं, तुला तरी येतं का? नुसता हसलो. दोन कोर्स अर्धे केलेत मी. दोन अर्धे म्हणजे एक पूर्ण.

५ तारीख, बुधवार
फॉर्म मीच भरला. मोबाइल नंबर माझा टाकला. ताई म्हणाली, माझा टाक की. तिचा फोन बटणांचा, जुना. म्हटलं, ताई, यातलं तुला कळत नाही.

९ तारीख, रविवार
पहिली शिकवणी, पाण्याच्या टाकीखाली. वस्तीत रेंज तिथेच येते. माउस नाही, म्हणून साबणाची वडी धरायला लावली. पकड उत्तम. तेवढ्यात टाकीवर रंगारी दिसला, त्याच्याशी बोलण्यात संध्याकाळ झाली. उंचावरच्या रंगकामात पैसा आहे म्हणे. ताई एकटीच वडी सरकवत बसली होती.

१७ तारीख, सोमवार
आठवडाभर विजेचे हाल. फोन बंद, शिकवणी बंद. भाऊजी म्हणाले, ताई हल्ली ड्यूटी संपल्यावर केसपेपरच्या खिडकीवरल्या ऑपरेटर बाईंकडे थांबते. खऱ्या माउसवर हात बसवते. बसवू दे. पाया मी घातलाय.

२५ तारीख, मंगळवार. सकाळ
आज परीक्षा. फोन आत नेता येत नाही. लॉगिनचा ओटीपी माझ्याकडे येणार, मी तो खिडकीतून सांगायचा. ताईने दोनदा बजावलं, इथून हलू नकोस. मी काय लहान आहे?

दुपार
हललो नाही. म्हणजे फारसा नाही. रस्त्यापलीकडे ट्रक गटारात कलंडलेला, क्रेनवाल्याने पट्टा भलतीकडेच लावलेला. सांगणं भागच होतं. त्या घरघरीत फोन काय ऐकू येणार? बघितलं तर तीन ओटीपी, तिन्ही शिळे. धावलो. शिपाई म्हणाला, लॉगिन बंद झालं. ताई बाहेर बाकावर, हात मांडीवर. म्हटलं, सिस्टीमच भिकार आहे.

"ओटीपी माझ्या डबड्यावरही आला असता रे," एवढंच बोलली.

हे मला कोणी आधी सांगायला नको?

२६ तारीख, बुधवार
ऑपरेटर बाईंनी चौकशी केली: शुक्रवारी शेवटची बॅच आहे. ताईला त्यात तिचा नंबर टाकायचाय. पण तो बदलायला आधी माझ्या नंबरवर ओटीपी येणार. म्हणजे माझ्याशिवाय अडतंच.

२७ तारीख, गुरुवार
केसपेपरच्या खिडकीशी ताईने मला स्टुलावर बसवलं. माझी बाही घट्ट धरून ठेवली. बाहेर कसला तरी गलका चालला होता, मान वळवली तर बाही ओढली. ओटीपी आला. मी वाचून दाखवणार, तोच तिने फोन हातातून घेतला आणि स्वतःच आकडे टाइप केले. एका बोटाने, सावकाश. नंबर बदलला. तिच्या डबड्यावर मेसेज वाजला, बाईंनी मान डोलावली.

मग ताईने बाही सोडली. "जा आता, तुला कुठे जायचंय तिथे."

बाहेर आलो. कुठे जायचं, सुचेना.