सशांची गोधडी

सॉल्वे, मिनेसोटा
११ मार्च २००८

प्रिय अर्लीन,

तुझं पत्र पोचलं. हॉस्पिटलचं सूप म्हणजे नुसतं कढत पाणी, असं लिहिलंयस ते वाचून बरं वाटलं. तू नावं ठेवायला लागलीस म्हणजे तब्येत मार्गाला लागली. इथे अजून बर्फ आहे. तुझ्या मांजराने मला तुझ्या घरात ठेवून घेतलंय.

आता त्या मेलचं. भरती व्हायच्या आधी तू सगळ्या गावाला पाठवलास तो. आठ वर्षांची जनेल, तिला रक्ताचा कॅन्सर, आणि मेल जितक्यांना पुढे पाठवाल तितक्यांमागे तीन-तीन सेंट कुठलीशी कंपनी तिला देणार. चर्चच्या तळघरात आपल्या बायका तो वाचून रडल्या आणि खरंखोटं बघायच्या आत गोधडी शिवायला बसल्या. पिवळी, सशांची. शिवून झाल्यावर त्यांच्यातली डॅग्नी मला म्हणते, "व्हर्ना, तू लायब्ररीत जन्म काढलास. पाठवण्याआधी जरा खात्री करून घे, बाई."

मी टाळत राहिले. मेलवर तारीख नाही, डॉक्टरचं नाव नाही, आणि कोणी कोणाला काय पाठवलं हे ती कंपनी मोजणार कशी? मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. पण हॉस्पिटलला जाताना तू गाडीत म्हणालीस, "एवढीशी पोर सोसतेय, तर मलाही सोसेल." मग माझा हात फोनकडे जाईना. ती पोर खोटी निघाली असती ना, अर्लीन, तर मी तुझ्याशी खोटं बोलले असते. सरळ तुझ्या तोंडावर.

काल शेवटी मेलमधल्या गावाच्या चर्चला फोन लावला. तिथल्या बाई हसल्या आणि त्यांनी एक नंबर दिला. पलीकडे काहीतरी चघळत असलेली मुलगी होती.

"जनेल आहे का?"

"मीच. कार्डं पाठवणार असाल तर नका पाठवू. गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नाहीये."

"तू बरी आहेस?"

"कधीचीच. आता अठराची आहे मी. मेलमध्ये मात्र अजून आठचीच. ख्रिसमस आला की जास्तच सिरियस होते."

मूळ मेल तिच्या मावशीने दहा वर्षांपूर्वी लिहिलेला, अगदी खरा. ते तीन सेंट मागाहून कोणीतरी चिकटवले.

फोन ठेवून मी ओट्याला टेकून हसले आणि मग पोटभर रडले. इतकं हलकं मला तू हॉस्पिटलला गेल्यापासून वाटलं नव्हतं.

गोधडीचं तिला सांगितलं होतं. ती बास्केटबॉल खेळते, उंची सहा फूट. म्हणाली, "मला कशाला? सध्या जी आजारी आहे तिला द्या ना." मग मी तुझ्याबद्दल, तुझ्या किमोबद्दल बोलले. तर म्हणाली, "त्यांना सांगा, केस परत येतात. माझे तर कुरळे आले."

तेव्हा गुरुवारी गोधडी घेऊन येते. लहान मुलीच्या मापाची आहे, तुझ्या गुडघ्यांपर्यंतच पोचेल. पावलांशी मी बसेन.

तुझी शंकेखोर थोरली बहीण,
व्हर्ना