एक टाका, दोन टाके

४ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

हॉस्टेलच्या मागच्या व्हरांड्यात एका शनिवारी दुपारी मी तुला खूण घालायला शिकवत होते, आठवतं का? धुलाईघराच्या सिस्टरांचा नियमच होता, प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्याची खूण हवी. आपण सख्ख्या बहिणी, म्हणून माझा एक टाका आणि तुझे दोन. तू सहा वर्षांची होतीस. जीभ बाहेर काढून, मन लावून मोज्याला दोन टाके घातलेस आणि उठलीस, तर मोजा अंगातल्या फ्रॉकलाच शिवलेला. उसवला तर सिस्टर रागावतील म्हणून प्रार्थनेलाही तो तसाच लोंबत घेऊन गेलीस.

आज हे आठवायचं कारण म्हणजे तुझ्या लेकीचा फोन. सतरा मार्चला कॅरिबियनची बोट निघते, ती, जावईबापू, तुझी नात टिल्ली आणि आपण दोघी, आणि आपल्या दोघींना मिळून एक खोली, असं तिनं सांगितलं. तू अजून हो म्हणत नाहीस, हेही सांगितलं. अकरा वर्षं तू नवऱ्याच्या पलंगापासून औषधांच्या दुकानापर्यंत, एवढाच प्रवास केलास. त्यांना जाऊन वर्ष झालं. आता झाडांना पाणी कोण घालील, असली कारणं शोधू नकोस. झाडं शेजारणीला दे.

बॅग मी भरणार. तुझ्यावर सोडली तर तू चार स्वेटर घेशील आणि चपला विसरशील. चौतीस वर्षं हॉस्पिटलची लिनन रूम सांभाळली, एक उशीची खोळ इकडची तिकडे झाली नाही. दोघींचे कपडे एका बॅगेत भरून आधीच पाठवते, मागून मी नुसती पर्स घेऊन येईन. तुझे मी नवेच शिवते, तेव्हा मापं कळव, आणि खरी कळव.

माया आहेच, वेगळी काय लिहू.
तुझी,
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मापं सोबत आहेत. कमरेचं माप लेकीनं घेतलं, त्यामुळे खरं आहे.

टिल्लीनं परवा मांडीवर नकाशा पसरून मला बेटं दाखवली. मला आपला शाळेचा ॲटलास आठवला. तुझ्या दौतीतून शाईचा थेंब नेमका त्याच समुद्रात पडला होता आणि भूगोलाच्या सिस्टरांनी हे कोणतं बेट म्हणून विचारलं, तेव्हा तू शांतपणे सांगितलंस की ते अजून कुणाला सापडलेलं नाही. शिक्षा मात्र दोघींना झाली. टिल्लीचं म्हणणं, आपण ते बेट शोधायचंच. तिनं त्यासाठी एक भिंगही घेऊन ठेवलंय.

मी लेकीला हो म्हटलं. पण खरं सांगू का, मला अजून सहाला जाग येते आणि हात औषधांच्या डब्याकडे जातो. त्यांच्या पलंगाशेजारी मी निजायचे ती घडीची खाट अजून काढलेली नाही. लेक म्हणते काढ, जावई म्हणतात राहू दे. मजा करायची मला सवयच राहिली नाही, ताई. तू शेजारच्या पलंगावर घोरत असशील, एवढ्या भरवशावर मी निघते आहे. तू नसतीस तर बोट काय, मी नदीची होडीसुद्धा चढले नसते.

जावई विचारत होते, बोटीच्या कंपनीला लागणारा तुझा डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म आला नाही. आम्हा सगळ्यांचे गेले. तेवढा पाठव.

तुझ्या आशीर्वादाचं रोजचं गिऱ्हाईक,
चिमणी


१२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

बॅग काल पार्सलनं पाठवली. वरच्या थरात रोजचे कपडे, मधे रात्रीचे, तळाला पावसाचं आणि थंडीचं. झाकणाच्या आत यादी चिकटवली आहे, तिच्याप्रमाणेच काढ आणि तिच्याप्रमाणेच ठेव. कोपऱ्यातली गोळ्यांची डबी जावईबापूंची. त्यांना म्हणावं, समुद्र मला लागत नाही हे वाक्य तुम्ही बागेतल्या तळ्यात पायडलच्या बोटीत बसतानाही म्हणाला होतात, आणि तुमचा रुमाल मी धुतला होता.

माझा निळा कोटही आत घातला आहे. डेकवर संध्याकाळी वारा असतो म्हणतात.

फॉर्मचं बघते. डॉक्टर सध्या फार गडबडीत असतात. इकडे बाकी ठीक. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी नवी मशीन घेतली, तिच्या आवाजानं माझं दूध नासतं असं मी म्हटलं, तर त्यांनी मलाच काज करायला बसवलं.

ती खाट काढू नकोस असं मला वाटतं. घाई काय आहे.

जशी आहेस तशीच राहा.
तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बॅग मिळाली. यादीप्रमाणे काढली. मग सगळं पलंगावर पसरून एकेक खूण पाहिली.

तुझ्या प्रत्येक कपड्यावर दोन टाके आहेत. पहिला जुना, धुऊन धुऊन गुलाबी पडलेला. त्याच्या शेजारचा नवा, लालभडक. पांढऱ्या गाऊनवर, उन्हाच्या टोपीवर, टॉवेलवर, सगळीकडे. निळा कोट घालून पाहिला. तुझ्या कोटाच्या बाह्या माझ्या अर्ध्या तळहातापर्यंत यायच्या, आता बरोबर मनगटाशी थांबतात. दोन बोटं आत घेतल्यास तू.

उशीची खोळ इकडची तिकडे न होऊ देणारी बाई आपल्या कपड्यांवर चुकून दुसऱ्याची खूण घालत नाही. फॉर्म आलेला नाही. तू येणार नाहीस, आणि हे मला बोटीच्या आदल्या दिवशी कळावं अशी तुझी व्यवस्था दिसते.

काय झालं आहे ते लिही. फोन केला तर तू मशीनच्या आवाजाचं निमित्त करशील, म्हणून मीही लिहिते आहे. या वेळी विनंती विशेष नाही, हुकूम समज.

तुझी,
चिमणी


२४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सिस्टर म्हणायच्या, नवा दोरा आधी पाण्यातून काढावा, मग तो जुन्यात मिसळतो. घाईत विसरले.

छातीत गाठ आहे. जानेवारीच्या शेवटी कळलं. तपासणी झाली, गाठ साधी नाही. ऑपरेशन एकोणीस मार्चला. तारीख पुढे ढकलता येईल का म्हणून मी विचारलं, तर सर्जनबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ही मुलगी शिकाऊ असताना माझ्याकडून सही न करता टॉवेल न्यायची. आता मला दमात घेते. वेळेवर सापडलं आहे, आशा चांगली आहे, असं ती म्हणते. मी तिच्यावर विश्वास ठेवते.

त्या वॉर्डाच्या चादरी मी इतकी वर्षं दिल्या-घेतल्या, पण त्या चादरीवर निजायची मला भीती वाटते, हे तुझ्याजवळ कबूल करते. दुसऱ्या कुणाजवळ करणार नाही.

तुला का सांगितलं नाही, ते तुला ठाऊक आहे. सांगितलं असतं तर तू पुन्हा एका पलंगाशी बांधली गेली असतीस. अकरा वर्षांनी तू पहिल्यांदा मला कमरेचं खरं माप पाठवलंस. मला तेवढं पुरे होतं. माझे कपडे घालून तू गेलीस तर निम्मी मीच गेल्यासारखी होईन, असा वेडा हिशोब मी केला. शिंपीणबाई सोबतीला आहेत. तू जा, चिमणे. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोठ्या बहिणीचं मी साठ वर्षं ऐकलं. या खेपेला नाही.

तुझं पत्र वाचून लेक रडली. जावई कंपनीच्या कार्यालयात जाऊन बसले आणि आपली दोघींची तिकिटं नोव्हेंबरच्या बोटीवर बदलून घेऊनच उठले. ती तिघं ठरल्याप्रमाणे सतराला निघतील. त्यांनाही राहायचं होतं, पण टिल्लीची सुट्टी पुन्हा मिळणार नाही, आणि तुझ्या दोन खोल्यांत आम्ही सगळे कुठे मावणार, असं म्हणून मी त्यांना गप्प केलं. मी चौदाला तुझ्याकडे येते. घडीची खाट जावई गाडीवर टाकून आणून देताहेत. ती मी कशासाठी ठेवली होती ते मला आता कळलं.

मला बांधायचं नाही म्हणतेस. ताई, बांधलेलं असणं आणि जवळ बसलेलं असणं यात फरक असतो. तो अकरा वर्षं मीच जगले, तेव्हा तू मला शिकवू नकोस. त्या पलंगाशी मला कुणी बांधलं नव्हतं.

काल दुपारी उन्हात बसून तुझ्या कपड्यांवरचे सगळे नवे टाके उसवले. एकही मोजा कशाला शिवला गेला नाही. निळ्या कोटाच्या बाह्याही सोडल्या. घडीची रेघ दिसते आहे, पण लांबी तुझी झाली.

आता आपल्या दोघींच्या या बॅगेचं काय करू ते सांग. लेकीची भरून झाली नाही, तिला बरंच काही लागेल.

येतेच आहे, दार उघडं ठेव.
तुझी,
चिमणी


५ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोनदा चिडले, मग शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. खाटेसाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली आहे. काल बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली.

बॅगेचं असं कर. उन्हाची टोपी टिल्लीला, आतून कापूस घातलास तर बसेल. नवे दोन सुती झगे तुझ्या लेकीला, ती बाहेर जायचं म्हटलं की ऑफिसचेच कपडे घालते. गोळ्यांची डबी जावईबापूंना, आणि ती त्यांच्या खिशात आहे याची खात्री तू स्वतः कर. मोठा टॉवेल तिघांत एक. रेनकोट तुझ्या शेजारणीला, नोव्हेंबरपर्यंत तुझी झाडं तिनंच सांभाळायची आहेत. झाकणातली यादी काढून टिल्लीला दे, मागच्या कोऱ्या बाजूवर तिला बेट सापडलं तर आखता येईल. माझे गाऊन इकडे घेऊन ये, हॉस्पिटलचे मला अंगाला टोचतात हे मीच जाणते.

आणि एकोणीस तारखेला काही भलतंच झालं, तर शिवणाचा डबा तुझा, कात्री शिंपीणबाईंची, ॲटलास टिल्लीचा. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे डोक्यातून जातं.

निळा कोट कुणालाच देऊ नकोस. त्यावर एक टाका आहे, तो तसाच असू दे. बॅगेत तळाशी ठेव आणि बॅग बंद कर. नोव्हेंबरात मी घालीन.

तुझी,
ताई