पायाचा घण

१४ जून, शनिवार

मारलं. त्याच्या हातावर मारलं मी!

एकवीस वर्षं घण चालवतेय. असं एकदाही झालं नव्हतं. व्हर्लिन सांडशीत तापलेली पट्टी धरून ऐरणीशी, मी समोर, नेहमीसारखी. त्याने लहान हातोड्याने टिचकी मारून जागा दाखवली. मी घण उचलला आणि आणला खाली – पट्टीऐवजी सांडशीवर! सांडस उलटी उसळली आणि त्याचा डावा अंगठा मोडला.

ओरडलासुद्धा नाही तो. "तुझी चूक नाही, आर्लिस." एवढंच. मग कुणाची? घण काय शेजारणीच्या हातात होता?

१६ जून

प्लास्टर घातलं. सहा आठवडे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं झालं?" हा म्हणतो, "लोखंडाशी खेळताना." नवऱ्याने नाव न घेतल्याचं जास्त लागलं मला. घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

घणाला हात लावलेला नाही.

२ जुलै

आज जेवताना ताटातल्या बटाट्यांकडे बघत म्हणाला, "मी पायाचा घण बांधतोय. मायलो येईल वेल्डिंगला."

म्हणजे मशीन. पायाने खालची फळी दाबायची, की वरचं वजन धाडकन खाली. एका हातात सांडस, दुसरा मोकळा. एकट्या माणसाचं काम भागतं. समोर घण घेऊन कुणी उभं राहावं लागत नाही.

"बांध की!" म्हटलं. मग भांडी अशी आपटली की मांजर घराबाहेर गेलं.

त्याची सारी नोकरी बस दुरुस्त करण्यात सरली, माझी पोस्टातली तिकिटं मोजण्यात. आमचं दोघांचं म्हणून जे काही होतं ते गॅरेजमागच्या त्या भट्टीच्या खोपटात होतं. एक चूक झाली, तर तिथूनही छुट्टी!

१९ जुलै

मायलो आला. पूर्वी गाई होत्या त्याच्या, आता आमच्यासारखाच हौशी लोहार. गाडीत रेल्वेच्या डब्याचा अख्खा आस आणि गॅरेजच्या दाराच्या जुन्या स्प्रिंगा. उतरल्या उतरल्या माझ्याकडे बघून –

"आर्लिस, बघ, सवत आणली तुझी!"

"सवतीला स्वयंपाक येतो का विचार," म्हटलं. "आजपासून तुमचं जेवण तिच्याकडे."

व्हर्लिन हसला. मला नाही हसू आलं.

एप्रिलमध्ये हाच व्हर्लिन दोनदा शहरात भंगार बघायला म्हणून गेला होता. दिवस दिवस घालवून दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परत. तेव्हा काही मिळालं नाही, आणि आता मला घालवायचं म्हटल्यावर सगळं कसं पटापट मिळतंय!

४ ऑगस्ट

प्लास्टर निघालं. अंगठा जुळलाय म्हणतात. पण शर्टाचं बटण लावता येत नाही त्याला. सकाळी खाताना तीनदा काटा हातातून पडला. मी बटणं लावून दिली, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

हे माझं काम. मी केलंय हे. हात होता त्याचा! गुलाबाची पाकळी घडवायचा त्या हाताने.

११ ऑगस्ट

आज दोघांची जुंपली. रेल्वेचा आस उभा करून त्यावरच मशीनची ऐरण बसवायची आहे. व्हर्लिनने खूण केली, मायलोने कापला, आणि मग टेप लावून बोंबलला, "अरे लेका, काय माप दिलंस! चार इंच जास्त ठेवलास की!"

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? काम करणार कसा, खांदे वर करून?"

"मायलो, बरोबर आहे म्हटलं ना."

मायलोने एकदम तोंड मिटलं. त्याला कधी असं गप्प होताना पाहिलेलं नाही मी.

आम्हा लोहारांत ऐरणीची उंची इंचात सांगत नाहीत. हात सरळ खाली सोडायचे, मूठ वळायची, मूठ जिथे येईल तिथे ऐरण. आमची जुनी त्याच्या मुठीला आहे. तो सहा फूट एक, पण हात लांब आणि सदा वाकलेला, म्हणून ऐरण खालीच. मी ताठ, आखूड हातांची. स्वतः काही घडवायचं तर जन्मभर कंबर मोडून घडवलं.

तीस वर्षं मापं घेतोय आणि आता साधी ऐरण चुकवतोय. मला बरं वाटलं. मग वाटल्याची लाज वाटली.

२० ऑगस्ट

तो दिवसभर खोपटात, मी दिवसभर बागेत. जेवणंही वेगवेगळी.

३० ऑगस्ट

दर वर्षी सप्टेंबरात लोहारांचा मेळावा. अख्ख्या विस्कॉन्सिनातून मंडळी येतात. तो घडवतो, मी घण मारते, लोक गोल करून बघतात. सांगून टाकलं, "मी येणार नाही."

"ये," म्हणाला. "मशीनवर तूच काम करून दाखव."

"का? सवतीची ओटी भरायला?"

"आर्लिस, शिकून घे ना."

एप्रन काढून अंगावर फेकला त्याच्या. त्याला तो झेलता आला नाही. खाली पडला, तो वाकला, आणि बोटांत कापड धरता येईना. मी उचलून दिला नाही. नुसती बघत उभी राहिले. देवा, अशी कशी वागले मी!

६ सप्टेंबर

मशीन उभं राहिलं. जेवण झाल्यावर व्हर्लिन जरा आडवा झाला. हल्ली रोज होतो. मी एकटीच खोपटात गेले, सवतीचं तोंड बघायला.

रागारागाने पुढ्यात उभी राहिले. पाय पुढे टाकला तर फळी बरोबर तळव्याखाली. दाबली. वजन आलं खाली, हलकं, अलगद. स्प्रिंगा माझ्या जोराला जुळवलेल्या. त्याच्या पायाखाली हे मशीन पिसासारखं झालं असतं.

हात खाली सोडले. मूठ वळली.

माझ्या मुठीला ऐरण लागली.

वाकावं लागलं नाही. कोळशाच्या पेटीवर बसून राहिले. खूप वेळ.

७ सप्टेंबर

भांडी पुसता पुसता विचारलं, "केव्हापासून?"

"एप्रिल. शहरात भंगाराला नव्हतो गेलो, मोठ्या डॉक्टरकडे गेलो होतो. नसांचा आजार. हात जाणार दोन्ही, मग पाय. मायलोला सांगावं लागलं. तुला सांगितलं असतं तर तू भट्टीच विझवली असतीस."

विझवलीच असती.

"आणि जूनमध्ये?"

"घाव तुझा जागेवरच होता, आर्लिस. सांडस माझ्या हातून फिरली."