तीन लिटर पाणी

आई, तू पाणी का प्यायली नाहीस? एवढी वर्षं उलटली, तुझ्या नातवाला मुलं झाली, माझं डोकं पिकलं, तरी हे विचारताना मला अजून संताप येतो. छातीत गाठ झाली त्याचा राग नाही मला, ती कुणालाही होते. पण डॉक्टरांनी तुझ्या हातात दोन गोष्टी दिल्या होत्या, गोळ्या आणि पाणी. गोळ्या तू एकही चुकवली नाहीस. पाणी मात्र टाळलंस, तेही तू! वटारच्या वाडीत वाढलेली, केळीला एक दिवस पाणी चुकलं तर माझ्या मामांना फाडून खाणारी.

ऑपरेशन झाल्यावर आपण दोघी त्यांच्या समोर बसलो होतो. डॉक्टर बिचारे नीट समजावून सांगत होते. म्हणाले, "मावशी, या गोळ्या रोगाला मारतात, पण त्यांना आपलं-परकं फारसं कळत नाही. लघवीवाटे निघताना त्यांचा जळजळीत अंश लघवीच्या पिशवीत साचतो आणि आतलं चांगलं अस्तर सोलून काढतो. त्याला तिथे बसूच द्यायचं नाही. गोळी सकाळी घ्या, दिवसाला तीन लिटर पाणी प्या आणि दर दोन तासांनी जाऊन या." तू सुनेने सासूपुढे डोलवावी तशी मान डोलावलीस, आणि बाहेर आल्यावर फस्सकन हसलीस. "पुरुषमाणूसच शेवटी. दर दोन तासांनी म्हणे! कुठे?"

त्या 'कुठे'ला तेव्हा खरंच उत्तर नव्हतं. मनवेलपाड्याच्या आपल्या चाळीत बायकांचे दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही, त्यामुळे एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर दार धरायचं. सूर्या धरणाचं पाणी आपल्याकडे यायला अजून अवकाश होता, टँकर आला की हंड्यांची मारामारी. आणि वालीवला तुझी ती बाटल्यांची झाकणं भरायची कंपनी! तिथे बायकांचा संडास मागे भंगाराजवळ, त्याला कुलूप, आणि किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. चार पुरुषांसमोर ती मागायची. "काय मावशी, परत? घरून जाऊन येत नाही वाटतं?" असं तो म्हणायचा आणि पॅकिंगची पोरं खिदळायची. म्हणून तुम्ही सगळ्याजणी सकाळी चहाचा घोट घेऊन निघायचात ते संध्याकाळपर्यंत कोरड्या. तुला तर तिथे उंटीण म्हणायच्या, आणि तुला त्याचा कोण अभिमान! मलाही लहानपणापासून तेच शिकवलंस. एकदा लग्नाला निघताना मी तांब्या तोंडाला लावला तर हातातून हिसकावलास. "बाहेर निघताना पाणी पितात का बायका?"

दुखणं तू कंपनीत सांगितलंच नव्हतंस. सांगितलं असतं तर पुढच्या सोमवारी तुझ्या जागेवर दुसरी बसली असती. दिवसातून चार वेळा किल्ली मागितली असतीस तर कारण विचारलं गेलं असतं. हे मला कळत होतं गं. तरी मी स्टेशनजवळून लिटरची बाटली आणली, म्हटलं तीनदा भर, तीनदा संपव, हिशेब सोपा. तू ती रोज पिशवीत घालून नेलीस. आणि एका संध्याकाळी मी भांडी घासत असताना पाहते, तर तू मोरीशेजारच्या अळवावर वाकली आहेस आणि ती भरलेली बाटली ओतते आहेस. मला पाहून दचकत नाहीस. म्हणतेस, "अळू तरी पिऊ दे."

मी हसले. तेव्हा मी हसले, आई.

मग तो सकाळचा प्रकार. मी दार धरून बाहेर उभी, आणि आतून तुझा आवाज येतो, अगदी साधा, "काल आपण लाल माठाची भाजी केली होती का गं?" नव्हती केली. मेथी होती. नंतर तू कबूल केलंस की आठवडाभर आग होत होती, थेंबाथेंबाला जीव जात होता, आणि तो त्रास नको म्हणून तू उरलंसुरलं पाणीही तोडलं होतंस. दवाखान्यात नळी घालून पिशवी धुवावी लागली. तुला नर्सने घट्ट धरलं होतं, आणि वेदनेतही तू मला पदर सारखा करायला सांगत होतीस. गोळ्या अर्ध्यावर बंद झाल्या. वर्षभराने गाठ परत आली. गोळ्या पुऱ्या झाल्या असत्या तर टळलं असतं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तू गेल्यावर मी तुझ्या गोळ्यांच्या खोक्यातला इंग्रजी कागद शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. सातवी शिकलेली बाई, एकेका ओळीला दुपार गेली. त्यात काही मोठी विद्या नव्हती. भरपूर प्या, वारंवार जा, एवढंच लिहिलेलं. ज्याने ते लिहिलं त्याला ठाऊक नव्हतं की जगात कुलूप लावलेले संडास असतात. आता ओळखीपाळखीत कुणा बाईला अशा गोळ्या सुरू झाल्या की मी जाऊन बसते आणि पाण्याच्या आधी विचारते, "जायची सोय काय?" ती लाजली तर तिच्या नवऱ्याला विचारते. लोक म्हणतात, म्हातारीला लाजच नाही. नाहीच. लाजेने एक माणूस खाल्लं माझं.

तुझा धाकटा लेक अजून त्या कंपनीला शिव्या घालतो आणि मी सोबतीने घालते. सुपरवायझरला घातल्या, चाळमालकाला घातल्या, आज तुलाही घातल्या. सगळ्यांना वाटून झाल्या.

रक्त दिसायच्या महिनाभर आधी आपण तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी तुला नाही, मला विचारलं होतं, "आई पाणी पितात ना नीट?" खोलीत आणखी दोन पुरुष बसले होते. किल्लीचं, कडीचं त्यांच्यासमोर कसं बोलायचं, म्हणून मी "हो" म्हटलं. धाकट्याला हे ठाऊक नाही. त्याच्या हाती लागू नये म्हणून तुला लिहिलेला हा कागद आज फाडणार आहे.