सोफा वगळून माझी सर्व मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, मुलींच्या वसतिगृहाची निवृत्त अधीक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मला ओळखणारा कोणी तसे धाडस करणार नाही. वकिलांच्या छापील नमुन्यात "देह नाशवंत असल्याने" वगैरे होते, ते मी गाळले आहे. मला मरणाची भीती थोडी वाटते. दुसऱ्या एका गोष्टीची फार वाटते, ती पुढे येईल.

कलम एक. तळमजल्यावरचे राहते घर मुलगा आणि सून या दोघांच्या नावे, समान हक्काने. एकट्या मुलाच्या नावे नाही. घर सुनेमुळे चालते. पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे हे मुलाला अजून विचारावे लागते.

कलम दोन. बँकेतील ठेवी मुलीला. "तुझं काय, सगळं दादाचंच," असे ती एकदा फोनवर म्हणाली होती. हे वाचल्यावर तिने तो शब्द मागे घ्यावा. शिवणयंत्रही तिलाच. मात्र त्यावर फुलदाणी ठेवायची असेल तर ते शिवणकाम करणाऱ्या एखाद्या बाईला द्यावे.

कलम तीन. यजमानांची मागे रेलणारी, पाय वर करणारी खुर्ची माळ्यावर आहे. ती मोडून भंगारात द्यावी, कोणाला वापरायला देऊ नये. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती हौसेने घेतली. आधी पेपर खुर्चीत आला, मग चहा, मग ताट, आणि शेवटी लघवीचे भांडे. सगळ्यांनी सगळे प्रेमानेच आणून दिले. त्यांना काही मोठा आजार नव्हता. माणूस रोज थोडा थोडा बसत गेला आणि एका सकाळी पायांनी ऐकायचे सोडले. ते गेल्यावर नणंदबाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, एवढी भारी खुर्ची वाया नका हं घालवू, आता तुम्ही बसा." ती त्यांनाच देऊन टाकावी असा मोह मला झाला होता. पण आमचे वैर तेवढे नाही. नणंदबाईंना काही नाही.

कलम चार. हॉलमधला नवा सोफा माझ्या मालमत्तेत धरू नये. तो सुनेने स्वतःच्या पगारातून घेतला आहे. ती औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते, घरी येते तेव्हा तिच्या पोटऱ्या दगड झालेल्या असतात. तिला मऊ बसायला हवे, हे मला मान्य आहे. सोफ्याच्या दुकानात मी हेच म्हणाले होते: तुला आवडेल तो घे, माझी लाकडी खुर्ची मला पुरे.

"आजी, बसून तर बघा," विक्रेता म्हणाला. "ढगात बसल्यासारखं वाटेल."

"मला ढगात जायची घाई नाही," मी म्हटले, "आणि मी तुझी आजी नाही."

"आई, किती ताठ राहशील?" मुलगा म्हणाला. "आता आराम कर ना."

सोफा आला. दोघे कामावर गेल्यावर दुपारी मी त्यात बसून पाहिले. बैठक खोल, बुटकी. मी आत गेले आणि गुडघे कमरेच्या वर आले. उठायला गेले तर रेटा द्यायला काही सापडेना. हाताखाली सगळे मऊ. फोन समोर टेबलावर. जोर केला की आणखी आत. मला यजमानांचा चेहरा दिसू लागला. शेजारणीने बेल वाजवली तेव्हा मी आतून ओरडले, "कामात आहे, नंतर या!" शेवटी घसरत जमिनीवर आले आणि रांगत दाराच्या चौकटीपर्यंत जाऊन उभी राहिले. संध्याकाळी सुनेने विचारले, "कसा वाटला सोफा?" मी म्हटले, "छान आहे." त्या दिवसापासून कुठेही बसण्याआधी मी उठायचे कसे ते बघते. लग्नघरात, दवाखान्यात, बसमध्ये. बसवत नाही म्हणून उभी राहते, आणि लोक म्हणतात, काय तब्येत आहे!

कलम पाच. मी जिवंत असेपर्यंत माझी उंच, कडक, हातांची खुर्ची हॉलमध्ये खिडकीपाशीच राहील. पाहुणे आले म्हणून ती बाल्कनीत जाणार नाही. मला चहा जागेवर आणून देऊ नये. मी स्वयंपाकघरात येईन. मी मागितल्याशिवाय मला कोणी हात देऊ नये.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे कलम त्यात बसत नाही."

"मीही सोफ्यात बसत नाही," मी म्हटले. "राहू द्या."

परंतु त्यांचा मुद्दा बरोबर होता. म्हणून सहीपूर्वी आज मी हे सर्व मुलाला आणि सुनेला वाचून दाखवले. मुलगा सोफ्यावरून उठून उभाच राहिला. "सोफा परत करू या," एवढे म्हणाला. मी नको म्हटले. सून मात्र कलम पाचवर अडली.

"आई, 'मागितल्याशिवाय' लिहिलंय तुम्ही."

"मग?"

"तुम्ही मागणारच नाही. त्या दिवशी दारात माणूस उभं होतं, तरी नाही मागितलात."

वसतिगृहात मुलींना असे शब्दांत मी पकडायची. आज सुनेने मला पकडले. मी म्हटले, "मला भीती वाटते गं. एकदा हात घेतला की पाय विसरतील."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी कुलूप उघडताना, आत तुम्ही कशा सापडाल म्हणून."

दुरुस्ती: कलम पाचमधील "मी मागितल्याशिवाय मला कोणी हात देऊ नये" हे शब्द खोडून त्या जागी "मला विचारून हात द्यावा" असे वाचावे. खाडाखोड माझी आहे व तिच्याशेजारी माझी छोटी सही आहे. भीती कमी झालेली नाही.

स्थळ: राहते घर, हॉल. दिनांक: ९ मार्च.
सही: (आई)

साक्षीदार १, घरचे डॉक्टर: मृत्युपत्र करणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत आहेत. गुडघ्यांबद्दलचे माझे मत त्यांनी येथे लिहू दिले नाही.

साक्षीदार २, शेजारीण: त्यांनी आम्हा दोघांसमोर, टेबलापाशी उभे राहून सही केली. त्याआधी त्या खुर्चीतून उठताना सुनेने "हात देऊ का?" असे विचारले. त्यांनी आधी खुर्चीचे हात चाचपले, मग आपला हात पुढे केला.