इस्कंदरियातले चार दिवस

उस्ताद,

कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या यंत्रांचे चामड्याचे रूळ मी या हातांनी बसवले. गाठी दाबायच्या प्रेसचा मोडलेला दांडा मुंबईहून यायला दोन महिने लागतील असं सगळे म्हणत होते, तो मी इथेच भट्टीत तापवून, ठोकून उभा केला. पायानं फिरवायचा लेथ केला आणि मग त्या लेथवर दुसरा लेथ केला. घराची दारं केली, चौकटीत सूतभर फरक नाही. सागाचं टेबल आणि चार खुर्च्या केल्या, खिळा न मारता, नुसत्या खाचा जुळवून. आणि यंदा हंगाम संपता संपता मी तुमच्या इस्कंदरिया शहराचा नकाशा केला, ब्राउन कागदावर, मापानं. पुस्तकात त्या शहराला अलेक्झांड्रिया म्हणतात. मी मात्र वर तुमच्या तोंडचंच नाव लिहिलं. आज ते खोडावंसं वाटतं आहे.

तुम्ही गेल्यावर जिनिंग फॅक्टरी म्हाताऱ्या शेटजींच्या थोरल्या मुलाकडे आली. दिग्रसच्या बाजारात आता तेच शेटजी. रुईच्या व्यापाऱ्यांची एक मंडळी मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला, जाणार आहे, तिकडचा लांब धाग्याचा कापूस आणि तिकडची यंत्रं पाहायला. शेटजींचं नाव त्यात आहे. कामकाज आटोपलं की समुद्रकाठच्या त्या शहरात चार दिवस नुसतं फिरायचं, खायचं-प्यायचं, असं त्यांच्या मनात आलं. मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीबी चला संग. यंत्राचं तुम्हाले समजते, इंग्रजी वाचता येते. फिरायचं समदं तुम्हीच ठरवा. आपल्याले त्यातलं काही समजत नाही." उस्ताद, मी तिथं उभ्या उभ्या टेबलाची कड धरली. तुमच्याखेरीज कोणाला समजलं असतं मला काय झालं ते?

तुम्ही यंत्र उघडताना खाली धोतराचं पान अंथरायचात आणि निघेल तो भाग निघेल त्या क्रमानं मांडायचात. मी ते शहर तसंच मांडलं. सुट्टी मिळाली की यवतमाळच्या मोटारीत बसायचो, वाचनालयात एक जुनं इंग्रजी प्रवासाचं पुस्तक आहे, मागं घडीचा नकाशा असलेलं, ते उघडून लिहून घ्यायचो. पहिल्या दिवशी सकाळी समुद्राच्या तोंडावरचा किल्ला, कारण सकाळी ऊन पाठीशी असतं. तिथं पूर्वी जहाजांना दिवा दाखवणारा मनोरा होता, भूकंपात पडला, त्याचेच दगड किल्ल्याला लावले म्हणतात. दुसऱ्या दिवशी अखंड दगडाचा तो उंच खांब आणि जमिनीखालची थडगी, दोन्ही जवळजवळ, पायी होतं. तिसऱ्या दिवशी ट्राममध्ये बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि संध्याकाळी बागा. चौथा दिवस मोकळा, समुद्राच्या कडेकडेनं चालायला. आणि रोजचं जेवण मी मुद्दाम वेगळं लिहिलं: सकाळी बाकल्याचे, म्हणजे वालासारख्या शेंगांचे, शिजवलेले दाणे आणि जाड भाकरी, दुपारी काय, रात्री कुठे. शेटजी शाकाहारी, म्हणून त्यांच्यासाठी डाळ-भाताचं, वांग्याचं, चीजचं शोधलं. माझ्यापुढे लिहिलं, मासा. दोन माणसं, एक टेबल, समुद्राकडे तोंड करून.

कारण तो मासा तुम्हीच मला दिला होता.

मी विशीचा असेन. फॅक्टरीसमोरच्या हॉटेलात आमच्या वस्तीतल्या लोकांचे कप बाहेर खांबाला टांगलेले असायचे, कडा उडालेले. आपण काढायचा, आपणच धुवायचा, उकिडवं बसून प्यायचा. मी पीत होतो. तुम्ही आतून आलात, माझ्या हातातला कप घेतलात आणि चहा जमिनीवर ओतलात. सगळे पाहत होते. "कायले पितो बे कुत्र्यासारखा?" तुम्ही ओरडलात. "खुर्चीवर बसून पेता आलं तं पे, नाही तं नको पिऊ. तहान लागून मरत नाही माणूस एका दिवसात." त्या दिवशी दुपारी भट्टीजवळ तुम्ही मला सांगितलं की पहिल्या लढाईत तुम्ही जहाजावर इंजिनात कोळसा टाकायला होतात, जहाज इस्कंदरियाला थांबलं, तुम्ही शहरात गेलात. समुद्राकडे तोंड असलेलं हॉटेल, पांढरी चादर घातलेलं टेबल, बाजूच्या खुर्चीवर गोरा साहेब. गोंड्याची लाल टोपी घातलेल्या वाढप्यानं तळलेला मासा आधी तुमच्यापुढे ठेवला, मग साहेबापुढे, कारण तुम्ही आधी आला होतात. "लिंबू बी त्यानंच पिळून देलं," तुम्ही म्हणालात. "कोणी पुसलं नाही, तू कोण, कोणाचा."

त्या लिंबावर मी आयुष्य काढलं, उस्ताद. पांढरकवड्याच्या जिनिंगात मला तुमच्यापेक्षा चांगला पगार मिळत होता, तिथल्या मुनिमानं चहा वेगळ्या पेल्यात दिला म्हणून मी त्याच दिवशी औजारं गोळा करून परत आलो. घरात माझी बायको आणि दोन पोरी. बायको म्हणाली, "तुमच्या उस्तादाइले सांगा, आज आपली चूल त्याइनंच पेटवावी म्हणा." तुम्ही दुसऱ्या सकाळी खरंच पीठ पाठवलंत, आणि वर निरोप पाठवलात, "शाबास." नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तेव्हा मी आधी तुमच्याकडे आलो, तुम्ही खाटेवरून उठून बसलात, माझे पांढरे कपडे चाचपलेत आणि म्हणालात, "आता आपून दोघंबी जाऊ इस्कंदरियाले. एकाच टेबलावर." पुढचा हंगाम तुम्ही पाहिला नाही.

नकाशा शेटजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बोटानं रस्ते काढले, खूष झाले. "वा मिस्त्री, बहुत बढिया! हे तं माह्या सख्ख्या भावानंबी नसतं केलं." मग जेवणाच्या ओळींवर आले. "हे कायले लिहिलं एवढं? सैपाकाचा महाराज येऊन राह्यला ना संग. पीठ, डाळ, पापड, लोणचं, स्टो, समदं पेटीत. आपण बाहेरचं खातो का?"

मी म्हणालो, "बरं. मग मी कुठे जेवायचं?"

"तुम्हीबी महाराजाचंच जेवा ना, पोटभर! आमचं झाल्यावर. तो तुमचं ताट काढून ठेवन दरवाज्याजवळ."

"दरवाज्याजवळ?"

"आता महाराजाले कोण समजावन, मिस्त्री? जुना माणूस हाय." मग जरा खाली झुकून, अगदी मायेनं म्हणाले, "तिथं परमुलखात तुम्हाले कोण पाहते?"

मी दोघांचं शहर मांडलं होतं. ज्याच्याबरोबर आयुष्यात एका पंक्तीला बसलो नाही, त्याच्यासाठी मी समुद्रापुढे दोन खुर्च्या लिहून बसलो होतो. किल्ल्याला ऊन कोणत्या बाजूनं येतं ते मला माहीत होतं, आणि हे माहीत नव्हतं. शेटजींना मी म्हणालो, विचार करून सांगतो. आणि सरळ तुमच्या घरी गेलो.

तुमच्या माघारी घर सांभाळणाऱ्या चाची अंगणात गहू निवडत होत्या. आता त्यांना कमी दिसतं, हातानंच खडा शोधतात. मी सगळं सांगितलं. वाटलं, तुमच्या वतीनं त्या दोन शिव्या देतील, मन मोकळं होईल. त्या हसल्या. "जा ना बाबू, पाहून तं ये. त्याइच्यासारखं नको करू."

"म्हणजे?"

"ते कुठं उतरले होते? इंजनवाल्याइले गोऱ्यानं खाली उतरूच देलं नाही. जेवढे रोज जहाज उभं होतं तेवढे रोज कठड्याले टेकून पाहत होते म्हणे."

"आणि चाची, तो मासा?"

"मासा?" त्यांनी सुपातला हात थांबवला. "वास येत होता म्हणे."

उस्ताद, तुम्ही माझ्या हातातला चहा ओतलात. चारचौघांत ओतलात. मी तुम्हाला विचारतो, कोणत्या तोंडानं? तुम्हाला खाली उतरू दिलं नाही तेव्हा तुम्ही कोणता कोळसा फेकलात, कोणाच्या अंगावर फावडं टाकलंत? तुम्ही टेकून उभे राहिलात आणि मला मात्र ताठ बसायला शिकवलंत. माझ्या पोरी उपाशी झोपल्या त्या रात्री मी त्यांना तुमच्या साहेबाची, टोपीवाल्याची गोष्ट सांगितली होती. थोरली अजून तीच गोष्ट तिच्या पोराला सांगते. तिला मी आता काय सांगू, की आजोबांच्या उस्तादांना नुसता वास आला होता? एक रूळ घासताना तुम्ही मला दहादा परत घासायला लावायचात, केसभर खोट चालत नव्हती तुम्हाला. आणि ज्याच्यावर मी अख्खा माणूस बसवला, तो खिळाच खोटा!

मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? बेटा, मला उतरू दिलं नाही, तू उतर, एवढं म्हणायचं होतं. मी त्याच्यावरही ताठ बसलो असतो. कदाचित जास्तच. की तुम्हाला वाटलं, या पोराला खरं पेलणार नाही? माझी एवढीच किंमत केलीत?

हे सगळं लिहून चाचींच्या अंगणात मोठ्यानं वाचणार होतो. त्यांना वाचता येत नाही आणि तुमच्याशी बोलायची तेवढीच एक जागा राहिली आहे. पण वाचणार नाही. त्या बाईला वाटतं, तिनं मला एक गमतीची आठवण सांगितली. तसंच राहू द्या. कागद घडी करून ठेवतो आहे. राग मात्र ठेवणार नाही, तो अंगावरच राहणार.

दुसऱ्या दिवशी शेटजींना नाही म्हणालो. त्यांना वाटलं मी भाव वाढवतो आहे, म्हणून त्यांनी वाढवला. आणि एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगतो: त्यांनी आकडा उच्चारला तेव्हा माझं तोंड उघडलं होतं, आणि आत होकार होता. मला ते शहर पाहायचं होतं, उस्ताद, अजूनही पाहायचं आहे. जहाजाचं भाडं, राहणं, दोन गरम कोट, महाराजाच्या हातचं दोन वेळचं जेवण दरवाज्याजवळ, आणि परत आल्यावर रोख पंधराशे रुपये. मी नको म्हणालो.